एका मिनिटाची दुरुस्ती

राग शांत झाला की मग लिहावं, असं जाणती माणसं सांगतात. मी वीस-बावीस वर्षं थांबले. तो शांत काही झाला नाही, उलट मुरला, म्हणून आता आहे तसाच बरणीतून काढते आहे. हल्ली गुरू पुन्हा आकाशाच्या त्याच भागात आला आहे आणि त्याचे चंद्र पुन्हा एकमेकांवर सावल्या टाकू लागले आहेत. परवा भाचीने मोबाइलवर कुणीतरी काढलेला व्हिडिओ दाखवला. दोन ठिपके, त्यातला एक हळूहळू विझत गेला आणि पुन्हा पेटला. "मावशी, बघ ना, किती भारी!" असं म्हणत तिने तो चारदा दाखवला. मी चारदा बघितला आणि नंतर ओट्यावरचं दूध उतू गेलं म्हणून तिच्यावरच खेकसले. बिचारीचा काही दोष नव्हता. दोष कुणाकुणाचा होता, ते सांगायला हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीच्या रस्त्यापासून आत. वडलांच्या वडलांची शेतं कधीच कंपन्यांखाली गेली होती आणि त्या बदल्यात बाबांना एका केमिकल कंपनीत नोकरी लागली होती. ऑपरेटर म्हणून चिकटले, शिफ्ट सुपरवायझर झाले. दिवेलागणीला कंपन्यांच्या बाजूने एक आंबूस, घशात बसणारा वास यायचा, तो आला की आई खिडक्या लावून घ्यायची आणि मगच तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसायची. भाकरी, सुकट, वालाचं बिरडं आणि चिंचेचं सार, यांच्यावर आम्ही दोघी बहिणी वाढलो. घरातली तिन्ही घड्याळं दहा मिनिटं पुढे असायची, म्हणजे बाबांची बस चुकायची नाही. सगळ्यांना ती पुढे आहेत हे ठाऊक होतं, सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचे, आणि बस चुकायची तेव्हा चुकायचीच. पण कंपनीत बाबा वेगळे होते. तिथे दर तासाला प्रत्येक टाकीचं तापमान आणि दाब वाचून लॉगशीटवर लिहावा लागे. बाकीचे लोक पहाटे एकदम बसून रात्रभराचे आकडे भरून टाकत. 'रीडिंग मारणं' म्हणत त्याला. किती असायला हवं हे माहीत असायचंच, दोन-तीन इकडेतिकडे करून लिहायचं की झालं. बाबांनी ते कधी केलं नाही. "काट्यासमोर उभं राहून वाचायचं आणि तिथेच लिहायचं. आठवून लिहिलेलं ते रीडिंग नाय, ती गोष्ट," असं ते म्हणायचे. मला त्यांचा किती अभिमान वाटायचा ते मी आज लिहिताना दात आवळून लिहिते आहे.

बारावीच्या आधीच्या वर्षी मी दुर्बिणीचा आरसा घासला. गावात आकाशदर्शनाचा एक गट होता, दर रविवारी एका शाळेच्या वर्गात जमायचा, तिथे मला हे वेड लागलं. दोन जाड गोल काचा घ्यायच्या, मध्ये घासायची खरखरीत पूड आणि पाणी घालायचं आणि एक काच दुसरीवर महिनोन्महिने घासायची, वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. बाबांनी कंपनीतून एक निळा रिकामा ड्रम आणला, वाळू भरून अंगणात उभा केला, आणि मी त्याच्याभोवती फिरत फिरत घासायची. ती खर्र खर्र संध्याकाळभर चाले. आई चामटोली गावची, तिच्या माहेरची बोली तिने कधी सोडली नाही. "कं घासतंस गो दिसभर? जरा टोप घासलं असतंस तं उजेड पडला असता घरान," ती म्हणायची. पण पूड संपली की तीच स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून काढून द्यायची. माझी मोठी बहीण सुवर्णा, तिला मी ताईच म्हणते, ती माझ्याबरोबर आकडे मोजायची. शंभर फेऱ्या झाल्या की ती आतून ओरडायची, "पुरे, जेव आता." नळी पीव्हीसीच्या जाड पाइपाची होती आणि डोळा लावायच्या टोकाची भिंगं उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तुटक्या द्विनेत्रीतून मिळाली. ते ओबडधोबड पांढरं नळकांडं गच्चीवरून पहिल्यांदा गुरूकडे वळवलं तेव्हा चार चंद्र एका रेषेत स्वच्छ दिसले. मी खाली धावत जाऊन सगळ्यांना वर आणलं, आई भाजीचा हात तसाच घेऊन वर आली.

आता सरांबद्दल. गट त्यांनी उभा केला होता. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, बदलापूरला राहायचे. आमच्या समाजातले पहिले एम.एस्सी., त्यामुळे लग्नाकार्यात त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि हातात माइक मिळायचाच. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तेवढी जागा त्यांनी माझ्या वहीत कमावलेली नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी गटाला समजावून सांगितलं की गुरूच्या चंद्रांच्या कक्षा साधारण एकाच पातळीत असतात, आणि पाच-सहा वर्षांतून एकदा पृथ्वी आणि सूर्य त्या पातळीत येतात. तेवढे काही महिने एक चंद्र दुसऱ्याच्या आड जातो किंवा त्याच्यावर सावली टाकतो. ही घटना नेमकी कोणत्या सेकंदाला घडली हे जगभरातून टिपून पाठवलं, तर त्या चंद्रांच्या कक्षा अधिक अचूक मोजता येतात. परदेशातली एक संस्था ते सगळं गोळा करत होती. "तुमच्या अंबरनाथच्या गच्चीवरचा आकडा तिकडच्या गणितात बसणार," सर म्हणाले, आणि माझ्या अंगावर खरोखर काटा आला. त्यांनी संस्थेचं भाकिताचं कोष्टक आणून, त्यातल्या वेळांत साडेपाच तास मिळवून आमच्यासाठी भारतीय वेळा काढल्या आणि सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या. एप्रिलमधली एक संध्याकाळ मी लाल पेनाने गोल केली. युरोपा या चंद्राची सावली आयो या दुसऱ्या चंद्रावर पडणार होती. आयो सर्वांत मंद होण्याची वेळ सरांच्या कागदावर होती आठ वाजून बावन्न मिनिटं वीस सेकंद.

त्याच संध्याकाळी ताईचा साखरपुडा ठरला. दुसरा दिवस मिळेना, कारण सगळ्यांना घाई झाली होती. त्या वर्षी गुरू सिंह राशीत जाणार होता, म्हणजे सिंहस्थ, म्हणजे वर्षभर मुहूर्त नाहीत. मुलगी बावीस पूर्ण, अजून वर्ष थांबायचं म्हणजे काय, असं आईला वाटे. स्थळ आणलं होतं सरांनीच. त्यांचा सख्खा भाचा, बदलापूरचा, तळोज्याच्या कंपनीत कायम. "सिंहस्थाच्या आत उरकून घ्या," असं सरांनीच बाबांना सांगितलं. मी म्हटलं, "सर, गुरू सिंहेत गेला तर लग्नाचं काय बिघडतं?" सर हसले आणि म्हणाले, "वंदना, विज्ञान विज्ञानाच्या जागी." तेव्हा मीही हसले होते. आज वाटतं, तिथेच मला कळायला हवं होतं की या माणसाकडे प्रत्येक गोष्टीची एक सोयीची जागा आहे.

साखरपुड्याचा मुहूर्त सातचा होता आणि मुलाकडची मंडळी पावणेनऊच्या जरा आधी टेकली. अंगणात मांडव, ट्यूबलाइटी, भाड्याचा लाउडस्पीकर, मागच्या बाजूला पुऱ्या तळायचा धूर. मी नवा ड्रेस घालून सरबताचे ट्रे फिरवत होते आणि दर मिनिटाला मनगटाकडे बघत होते. ताई आत पाटावर बसली होती, हातभर बांगड्या, घामाने पावडर ओघळलेली. तिने मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "जा तू. विचारलं तर सांगते, पोटात दुखतंय." मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. गुरू जवळजवळ डोक्यावर होता. टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल आणि कोरी कॅसेट आधीच घालून ठेवली होती. पद्धत अशी की आयोच्या उजेडाला सुरुवातीला दहा गुण द्यायचे, शेजारच्या चंद्रांशी ताडून पाहत राहायचं आणि जसा तो मंदावेल तसे गुण तोंडाने बोलत जायचे, सगळं टेपवर. मग टेप बंद न करता रेडिओ लावायचा आणि नऊच्या बातम्यांआधीचे ठोके त्याच टेपवर घ्यायचे. त्या ठोक्यांपासून उलटं मोजलं की कोणता गुण कोणत्या सेकंदाला दिला ते निघतं. मनगटी घड्याळावर विसंबायचंच नाही.

दहा, दहा, नऊ. मी बोलत होते आणि खाली कुणीतरी माइकवर फुंकर मारत होतं. मग सरांचा आवाज सुरू झाला. मांडव गच्चीच्या थेट खाली, लाउडस्पीकरचं तोंड वर. सात, सहा. "आज दोन घराणी एक होत आहेत..." पाच, चार. माझ्या डोळ्यासमोर एक अख्खा चंद्र कुणी वात खाली केल्यासारखा विझत होता, त्याच्या आजूबाजूला ढग नाही, धूर नाही, बाकीचे तिघे लख्ख. तीन. "...पण समाजाने आता वेळेचं महत्त्व ओळखलं पाहिजे. सातचा मुहूर्त म्हणजे सात!" खाली टाळ्या. तीन, तीन, चार. तो पुन्हा उजळायला लागला तेव्हा मी रडत होते, आनंदाने, आणि तेही टेपवर आलं. नऊचे ठोके घेतले, डोळे पुसले, खाली गेले आणि श्रीखंड वाढायला लागले. सरांच्या पानात मीच दोनदा वाढलं.

पुढचे तीन दिवस मी ती टेप स्टॉपवॉच घेऊन पाच वेळा ऐकली आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. आलेखातल्या दरीचा तळ, म्हणजे आयो सर्वांत मंद असण्याचा क्षण, येत होता आठ एकावन्न आणि दहा सेकंदांवर. सरांच्या कागदापेक्षा एक मिनिट दहा सेकंद आधी. पुन्हा मोजलं, तेच. घाबरले, कारण चूक माझीच असणार असं वाटलं. बाबांना दाखवलं. त्यांनी कंपनीतल्यासारखा चष्मा कपाळावर चढवून कागद जवळ धरला आणि विचारलं, "तू काट्यासमोर होतीस ना?" मी म्हटलं, हो. "मग आलं तेच लिही. काट्याला माहीत नसतं वरून काय ऑर्डर आहे." मी आलं तेच लिहिलं.

रविवारी वर्गात सरांनी सगळ्यांचे कागद वाचून दाखवले. सर आणि मी धरून नऊ जणांनी निरीक्षण दिलं होतं. आठ बावन्न अठरा. आठ बावन्न बावीस. आठ बावन्न वीस. सगळे कागदाच्या आसपास, जसे काही एकाच दोरीला बांधलेले. मग सरांनी स्वतःचं वाचलं, "बदलापूर, माझ्या गच्चीवरून, आठ बावन्न एकवीस." मी मान वर केली. त्यांच्याकडे सरळ बघितलं. त्यांनीही बघितलं, आणि डोळा न लवता पुढचा कागद उचलला. तो माझा होता. "आता ही आमची वंदना. यांच्या घरातली घड्याळं दहा मिनिटं पुढे, आणि हिचं एक मिनिट मागे!" वर्ग हसला. मी म्हटलं, "सर, मी घड्याळ वापरलंच नाही. रेडिओचे ठोके घेतले आहेत." "मग रेडिओ चुकला असेल," ते म्हणाले. पुन्हा हशा. मला तोंड होतं, जीभ होती, आणि एका वाक्याचं काम होतं: सर, त्या वेळी तुम्ही आमच्या मांडवात माइकवर होतात. पण त्या वाक्याच्या पलीकडे ताई उभी होती, बोटात नवी अंगठी घालून. मी खाली बसले.

बाहेर पडताना गटातला दीपक माझ्या मागून आला. कॅम्प पाचचा, त्याच्या वडलांचं चपलांचं दुकान, मराठी-हिंदी-सिंधी सगळं एकत्र बोलायचा. मी त्याला पकडलंच. "दीपक, खरं सांग, तू आयो बघितलास?" तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "अरे यार, मी तर त्या टाइमला दुकानावर होतो. शादी का सीझन है ना."

"मग आठ बावन्न अठरा कुठून आणलंस?"

"टेबलमध्ये वीस लिहिलं होतं. मी दोन सेकंद कमी केले, असली वाटायला. खाली छोडा तो सर को बुरा लगता है ना. सगळे तसंच करतात, तू किसी को बोलना मत."

सगळे तसंच करतात. म्हणजे आठ माणसांनी मिळून आकाशाचं रीडिंग मारलं होतं. ज्याने बघितलं त्याच्यावर हसायचं आणि ज्यांनी बघितलंच नाही त्यांची सरासरी काढायची. मला आजही कुणी 'सगळे तसंच करतात' म्हटलं की माझ्या कानशिलात ठणका लागतो, आणि हल्ली हे वाक्य रोज ऐकावं लागतं, बँकेत, शाळेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये.

त्याच आठवड्यात लग्नाच्या याद्या करायला सर घरी आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि उठता उठता बाबांना म्हणाले, "वंदनाच्या आकड्याचं जरा बघा. रिपोर्ट परदेशी जायचाय, एक आकडा बाहेर गेला की सगळ्या गटावर शंका येते. तेवढी दुरुस्ती करून सही करू दे. आता काय, घरचीच मुलगी." घरचीच मुलगी. ते गेल्यावर मी टेपरेकॉर्डर आणून बाबांपुढे ठेवला आणि टेप लावली. माझा आवाज, सहा, पाच, चार, आणि मागून सरांचा आवाज, स्वच्छ, वेळेचं महत्त्व. बाबांनी स्वतःच्या हाताने टेप मागे नेली आणि तो भाग पुन्हा ऐकला. मग बंद केली. मला वाटलं आता ते उठतील, पायात चपला घालतील आणि बदलापूरला जातील. खरंच वाटलं, इतकी मी वेडी होते.

"कोणाला ऐकवलंस?" त्यांनी विचारलं.

"कोणालाच नाही."

"ऐकवू नको. आकडा बदल आणि सही करून टाक."

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, आलं तेच लिही?"

"तेव्हा मला हे ठाव नव्हतं." ते टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून म्हणाले. "प्लँटमध्ये चुकीचं लिहिलं तर टाकी फुटते वंदू. इथे कं फुटणारे? पोरीचं लग्न महिन्यावर आलंय. तो मानूस समाजात कोन हाय ते तुला म्हाईत नाय काय?" बाबा चिडले किंवा घाबरले की त्यांची कंपनीतली भाषा गळून पडायची. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मना त्या चांदन्यांतला कंय समजत नाय. पन तुज्या बहिनीचा वाटोला करू नको." मी कागद घेतला. आठ एकावन्न दहावर रेघ मारली, आठ बावन्न पंधरा लिहिलं आणि सही केली. निदान पाच सेकंद माझे ठेवले, असा एक मूर्ख अभिमानही मनात होता. दीपकने दोन ठेवले होते, मी पाच. फरक एवढाच.

टेप मात्र मी जपून ठेवली. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान चौकोनी तुकडे असतात, ते मोडून टाकले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मी ते पिनेने मोडले आणि कॅसेट कपाटात वह्यांच्या मागे ठेवली. ताईच्या हळदीला धवलारीण आली. आमच्याकडे लग्नातले विधी गाण्यांनी लावणारी ही म्हातारी बाई, तिचं तोंडपाठ भांडार ऐकत राहावं असं. आईने हौसेने ती गाणी टेप करायला सांगितली. मी पाहुण्यांच्या गाद्या घालत होते. लग्न झालं, ताई गेली, घर रिकामं झालं, आणि चार दिवसांनी आईने डोळे पुसत टेप लावली. धवलारणीचा खरखरीत, उंच आवाज. मी सहज कॅसेट बाहेर काढून पाहिली. माझ्याच अक्षरात तिच्यावर 'आयो' लिहिलेलं होतं. मागच्या दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावलेली होती, कात्रीने सरळ कापून, कडा नखाने दाबून बसवलेली. आमच्या घरात इतक्या नेटकेपणाने चिकटपट्टी एकच माणूस लावायचा. मी कॅसेट तशीच बाबांच्या समोर धरली. ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. त्यानंतर किती तरी महिने आम्ही दोघं एकमेकांशी फक्त मीठ आण, दार लाव एवढंच बोललो. बाबा जाऊन आता आठ वर्षं झाली. त्यांच्या फोटोला हार घालते, माणूस चांगला होता असं सगळ्यांना सांगते, आणि ते खरंही आहे. तरी ती चिकटपट्टी मी त्यांना माफ केलेली नाही.

पावसाळ्यानंतर संस्थेचं पत्र आलं. सरांनी ते गटात वाचून दाखवलंच नाही, "तांत्रिक कारणाने आपली निरीक्षणं घेता आली नाहीत" एवढंच सांगितलं. मला ते पुढच्या वर्षी गटाचं कपाट आवरताना फायलीत सापडलं. फार सभ्य भाषेतलं पत्र होतं. कोष्टकातली वेळ ही घड्याळाची वेळ नसून ग्रहगणिताची वेळ आहे, पृथ्वीचं फिरणं मंदावत असल्यामुळे ती घड्याळापेक्षा मिनिटाहून थोडी पुढे असते, हे तळटीपेत दिलं होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. सरांनी तळटीप वाचलीच नव्हती, नुसते साडेपाच तास मिळवून मोकळे झाले होते. प्रत्यक्ष घटना सरांच्या कागदाच्या मिनिटभर आधीच घडायची होती, आणि घडली होती. जगातल्या बाकी सगळ्यांनी ती तिथेच पाहिली होती. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या नऊ जणांनीच तेवढी ती छापलेल्या चुकीवर पाहिली. शेवटी विचारलं होतं, की भाकिताकडे न बघता कुणी स्वतंत्र वेळ नोंदवली असेल, तर त्याची मूळ नोंद कृपया पाठवावी. मी कपाटाशी जमिनीवर बसून ते पत्र तीनदा वाचलं. माझ्याकडे पाठवायला धवलारणीची गाणी होती.

ताई लग्नानंतर अडीच वर्षांनी परत आली, कडेवर मुलगी घेऊन. तिच्या नवऱ्याची तळोज्याची नोकरी लग्नाच्या आधीच गेली होती. त्याच्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, सरांना तर सर्वांत आधी. तो रोज सकाळी ताईने भरलेला डबा घेऊन निघायचा, बदलापुरातच एका मित्राच्या गॅरेजवर दिवस काढायचा आणि संध्याकाळी येऊन कंपनीतल्या गोष्टी सांगायचा, कुठल्या मशीनचं काय झालं, कोण साहेब काय बोलला. दोन वर्षं. ताईला त्याच्या बेकारीचा राग नव्हता. "मी रोज विचारायची, दमलास का, आणि तो हो म्हणायचा," एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत होती. आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. तिचं समाधान करावं, तिच्या बाजूने उभं राहावं, म्हणून मी तावातावाने बोलून गेले. "ती माणसंच तसली आहेत ताई. मला तर तेव्हाच कळलं होतं." आणि मग टेप, माइकवरचं भाषण, बदलापूरची गच्ची, माझा बदललेला आकडा, बाबांची चिकटपट्टी, सगळं सांगितलं. मला वाटलं, ती माझ्याइतकीच चिडेल, आणि आम्ही दोघी मिळून त्या माणसाला शिव्या घालू.

ती हातातला ओला फ्रॉक तसाच धरून ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "कधी कळलं होतं तुला?"

"साखरपुड्याच्याच आठवड्यात."

"म्हणजे लग्नाला महिना होता."

"तुझ्यासाठीच गप्प बसले ना मी," मी म्हटलं. "तुझं लग्न मोडलं असतं."

तिने फ्रॉक झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही टोकांना चिमटे लावले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्यासाठी होतं, तर मला विचारायचंस. मी खालीच तर होते, वंदू."